जुनी मोटार आणि घरचा पाना

अहेरीच्या बाजारातून माझी कॉन्टेसा निघाली, की शाळेतली पोरे अजूनही वळून बघतात. लांबलचक बॉनेट, चार गोल दिवे, रुंद बैठक. ही गाडी उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसते. हल्लीची तरुण मंडळी तिला 'मसल कार' म्हणतात. आमच्या लहानपणी तिला साहेबाची गाडी म्हणत. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९८४ पासून ती बनू लागली आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मूळ आकृती विलायतेतील व्हॉक्सहॉल कंपनीच्या १९७२ सालच्या व्हिक्टर गाडीची. श्रीमंती थाटाची आणि जरा खेळकर दिसणारी देशी मोटार त्या काळी दुसरी फारशी नव्हतीच.

पण बॉनेट उघडून आत डोकावलात तर गंमत वाटेल. पुढे या गाडीला इसुझूचे १.८ लिटरचे चांगले जोरदार इंजिन मिळाले. माझी गाडी मात्र अगदी पहिल्या खेपांपैकी. तिच्यात अँबेसेडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आहे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे. दिसायला पैलवान आणि छाती कारकुनाची! आता यातली दुसरी गंमत ऐका. हेच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन १९५५ साली विलायतेत निघालेल्या एम. जी. ए. या प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटारीत होते. तिला दोन कार्ब्युरेटर लावून त्यातून सत्तरच्या आसपास अश्वशक्ती काढलेली होती, एवढाच काय तो फरक. एक भाऊ शर्यतीला गेला, दुसरा टॅक्सीला जुंपला गेला, आणि तिसरा साहेबाच्या दारी राहिला. तेव्हा मुंबईच्या एखाद्या हौशी माणसाच्या गॅरेजात झाकून ठेवलेली एम. जी. असो, तुमच्या गोठ्याशेजारची अँबेसेडर असो की माझी कॉन्टेसा असो, त्यांची लहानसहान दुखणी एकाच कुळातली. ती कशी ओळखावी आणि त्यातली कोणती घरी बरी करावी, हे आज सांगायचे आहे.

हे मला शिकावे लागले ते एका रात्रीमुळे. अहेरीहून चंद्रपूर शंभरावर किलोमीटर. वाटेत आलापल्ली, लगाम, आष्टी; बहुतेक वाट जंगलाची. शेजारच्या एका सहकाऱ्याच्या आईच्या छातीत दुखू लागले, डॉक्टरांनी चंद्रपूरला न्या असे सांगितले, आणि त्या वेळी दुसरे वाहन मिळेना म्हणून माझी गाडी निघाली. आष्टीच्या अलीकडे आजींना उलटी झाली. म्हणून दोन मिनिटे थांबलो आणि, सवयीने, इंजिन बंद केले. ते पुन्हा सुरू होईना. चावी फिरवली की 'कट्' असा एक आवाज, मग शांतता. दिवे लख्ख पेटलेले. मी एम. ए. झालेला माणूस, वर्गात तर्कशास्त्राचे दाखले देतो. पण तिथे मला एवढेच सुचले की बॅटरी गेली. आम्ही दोघांनी गाडी ढकलायचा प्रयत्न केला, पण चढ होता.

अर्ध्या-पाऊण तासाने एक ट्रकवाला थांबला. त्याने बॉनेट उघडायच्या आधी नुसते म्हटले, "सर, चावी मारा अन् दिव्याकडे पाहा." मी चावी मारली. दिवे जसेच्या तसे. "मंग बॅटरी काहून जाईल?" तो म्हणाला. त्याने आपल्या ट्रकातली जाड तार आणली, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला धरले. गाडी पहिल्याच फेरीला सुरू झाली. आजी वाचल्या. उशीर झाला असे डॉक्टर म्हणाले, पण वाचल्या. तो पाऊण तास मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो ज्या दुखण्यात गेला ते दुखणे एका बोटभर रुंदीच्या गंजलेल्या पट्टीचे होते, आणि ते ओळखायला अर्धे मिनिट पुरले असते.

काय झाले होते ते नीट समजून घ्या, कारण जुन्या गाडीच्या विजेच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक इथेच येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे. घरातल्या दिव्याला आपण दोन तारा नेतो. मोटारीत एकच तार नेतात. परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. बॅटरीचे एक टोक त्या अंगाला जोडलेले असते. यालाच मिस्त्री लोक अर्थिंग म्हणतात. पण इंजिन गाडीच्या अंगावर सरळ बसवलेले नसते. धक्के बसू नयेत म्हणून ते रबराच्या ठोकळ्यांवर असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून अंगापर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी लावतात. ती खाली, तेलात आणि चिखलात, कुणाच्या नजरेस न पडता असते. सुरुवातीची मोटर, जिला आपण सेल्फ म्हणतो, ती इंजिन फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढते. तेवढा सगळा प्रवाह या पट्टीतूनच परत जायचा. पट्टी गंजली, की दिव्यांना काही होत नाही, कारण दिवे अंगाला जोडलेले. उपाशी राहते ते सेल्फ. कधीकधी तो प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून जातो. ती तार हाताला गरम लागली तर समजा की चोर सापडला.

तेव्हा गाडी सुरू होत नसेल तर प्रथम समोरचे दिवे लावा आणि चावी फिरवताना त्यांच्याकडे पाहा. दिवे हळूहळू मंद होऊन पिवळे पडले तर बॅटरी खाली आहे. दिवे एकदम विझले आणि चावी सोडल्यावर परत आले, तर बॅटरीच्या टोकावरचा क्लॅम्प सैल किंवा पांढऱ्या भुकटीने भरलेला आहे. दिवे ढिम्म हलले नाहीत, तर प्रवाह सेल्फपर्यंत जातच नाही किंवा तिथून परत येत नाही. इंजिनाची पट्टी पाहा, मग सेल्फची तार. एवढी परीक्षा आमच्या घरातली सातवीतली मुलगीही करते, आणि मला न विचारता करते.

ती पांढरी-हिरवी भुकटी काढायला गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते पाणी टोकांवर ओतावे; फसफसून सगळे निघून जाते. बॅटरीच्या आत मात्र थेंबही जाता कामा नये. मग कोरडे पुसून, पॉलिश पेपरने चकचकीत करून, क्लॅम्प घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली लावावी. क्लॅम्प काढताना अंगाला जोडलेले टोक आधी काढायचे आणि लावताना ते शेवटी लावायचे. हा शिष्टाचार नव्हे. उलट केलेत आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर पाना लाल होतो, बोटातली अंगठीही होते. आपल्या गाड्यांत अंगाला बहुधा ऋण टोक असते, एम. जी. ए. सारख्या जुन्या विलायती गाड्यांत धन टोक अंगाला असे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

एक साधा मल्टिमीटर जरूर घ्या. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजा. इंजिन चालू असताना सुमारे १४ दिसले म्हणजे अल्टरनेटर आपले काम करतो आहे. आणि ज्या पट्टीने मला रडवले तिची परीक्षा अशी: एक टोक बॅटरीच्या ऋण बोंडावर, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर पट्टी काढून घासा किंवा बदला. मागच्या दिव्यांचेही असेच. ब्रेक दाबल्यावर दिशादर्शक दिवा भुतासारखा मिणमिणू लागला, तर बल्ब बदलत बसू नका. दिव्याच्या घराचा गंजलेला स्क्रू काढून घासा. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून आमच्या रस्त्यांनी गाड्यांचे जे हाल केले आहेत त्यात स्क्रू सैल होणे ही तर रोजची बाब आहे. महिन्यातून एकदा पाना घेऊन गाडीभोवती फेरी मारणे हा आमच्याकडे छंद राहिला नाही.

आता सेल्फ फिरते आहे, पण इंजिन पेटत नाही, असे समजा. इथे लोक चुकतात ते घाईने. कुणी कार्ब्युरेटर उघडतो, कुणी प्लग बदलतो, आणि चार गोष्टी एकदम केल्यावर दोष कशाने गेला, की नवाच आला, हे कळेनासे होते. आलापल्लीच्या वाटेवर एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांची शिकवण अशी: "आधी करंट, मंग पेट्रोल. अन् एका टायमाला एकच गोष्ट." न्यायशास्त्राच्या ग्रंथात अन्वय आणि व्यतिरेक म्हणून जे सांगितले आहे ते यापेक्षा फार निराळे नाही.

करंट पाहण्यासाठी एक प्लग काढा, त्याला तार लावून त्याचे लोखंड इंजिनाला टेकवा आणि सेल्फ फिरवायला सांगा. निळी, टणक ठिणगी दिसली पाहिजे. तार रबरी मुठीच्या पकडीने धरा, आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची आधी खात्री करा. ठिणगी नसेल किंवा पिवळट, मरगळलेली असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढा. आत पॉइंट नावाची लहानशी उघडझाप असते. ती उघडते त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. उघडल्यावर त्यातले अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असावे, प्लगच्या टोकांतले ०.६. फीलर गेजच्या पट्ट्या मिळतात त्या वापरा. डोळ्याच्या अंदाजाने हे काम करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, पण त्यांचा डोळा चाळीस वर्षे तयार झालेला असतो.

पॉइंटच्या बाजूला कंडेन्सर नावाची अंगठ्याच्या पेराएवढी डबी असते. गाडी थंड असताना नीट चालते आणि तापल्यावर मिसिंग मारू लागते, पॉइंट वरचेवर जळतात, तर बहुधा ती बिघडली आहे. मेजात ठेवण्यासारखी एक युक्ती सांगतो. नवा कंडेन्सर बसवून गाडी महिनाभर छान चालली, की तो काढून डिकीत जपून ठेवा आणि दुसरा नवा बसवा. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर पुष्कळदा नव्यातच दगा देतात. पारखलेला माणूस जवळ असावा, तसा पारखलेला कंडेन्सर.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टात निराळाच प्रकार. रात्रभर पाऊस, प्राणहितेला पूर, हवेत इतका ओलावा की वह्यांची पाने चिकटतात. सकाळी गाडी घुं-घुं करते पण पेटत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या आत दव जमलेले असते आणि ठिणगी प्लगकडे जायचे सोडून त्या ओलाव्यावरून भलतीकडे पळते. झाकण काढा, कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसा, स्वयंपाकघरात चुलीजवळ पाच मिनिटे ऊब द्या. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर मात्र ते झाकण फेकून द्यावे. ती रेघ म्हणजे विजेने पाडलेली पायवाट आहे आणि ती पुसली जात नाही. पावसात उंदीरही उबेसाठी बॉनेटखाली येतात. त्यांनी कुरतडलेल्या तारा मी दोनदा जोडल्या आहेत. जोड नुसता पीळ देऊन आणि चिकटपट्टी लावून करू नका, झाळा.

पेट्रोलच्या बाबतीत आमच्या मिस्त्रींच्या शिकवणीत भर घालावी लागेल, कारण पेट्रोलच बदलले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर आले. उसाचा आणि धान्याचा हा मद्यार्क. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गास्केटे त्या काळी याचा विचार करून बनवलेली नव्हती. इथेनॉलने ते रबर फुगते, मऊ पडते, आणि त्याचा काळा चुरा गाळणीत येऊन बसतो. म्हणून जुन्या गाडीच्या साऱ्या रबरी पेट्रोल-नळ्या एकदा बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या बसवाव्यात. हे काम स्वतः करता येते आणि ते पुढे ढकलू नये. तापलेल्या इंजिनावर चिरलेल्या नळीतून पेट्रोल ठिबकले, तर मग दुरुस्तीला गाडीच उरत नाही. इथेनॉल पाणीही शोषते. पावसाळाभर गाडी उभी राहिली, की टाकीच्या तळाशी ते पाणी इथेनॉलसकट वेगळे होऊन साचते. गाडी फार उभी ठेवू नका. ठेवणारच असाल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे ओल्या हवेला जागा कमी राहील.

आणखी एक. इथेनॉलच्या अंगात प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. बिचाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरला काय कळणार? त्याच्या दृष्टीने मिश्रण पातळ होते, आणि गाडी उभ्या जागी थरथरते किंवा अॅक्सिलरेटर दाबताच उचकी देते. मिश्रणाचा स्क्रू थोडासा, पाव फेरीने, फिरवून पाहावा. आधी तो कुठे होता याची खूण करून ठेवायला विसरू नये.

मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी रेल्वे फाटकावर पाच मिनिटे थांबलेली गाडी नंतर सुरू होत नाही. या इंजिनाचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीलाच असतो. तिथे नळीतले पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप नुसती वाफच दाबत बसतो. ओले फडके पंपावर आणि नळीवर ठेवा, बॉनेट उघडा, सावली शोधा, दहा मिनिटे थांबा. पंपावर ठेवायचे फडके तापलेल्या सायलेन्सरच्या नळकांड्यावर मात्र पडू देऊ नका.

पाण्याविषयी थोडक्यात. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. सात पौंडांचा दाब धरला तर पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले की दाब जातो, गाडी उकळते, आणि लोक रेडिएटरला नावे ठेवतात. आधी झाकण बदला. आणि गाडी तापलेली असताना ते उघडू नका. हे सर्वांना ठाऊक आहे, तरी दरवर्षी कुणीतरी भाजतेच. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबावा. आमच्याकडचे मिस्त्री एक गोष्ट सर्रास करतात, ती मला पटत नाही. गाडी तापते म्हटले की ते थर्मोस्टॅट काढून टाकतात. थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडतो. मेच्या उन्हात तो उघडाच असतो, मग काढून लाभ काय? उलट हिवाळ्यात इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त पिते आणि झिजते. अडकलेला असेल तर बदला. पातेल्यात गरम पाण्यात टाकून तो उघडतो की नाही ते घरीच पाहता येते. पातेले मात्र स्वयंपाकघरातले नको. यावरून आमच्या घरी झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आता जिथे हात आखडावा त्याविषयी. ब्रेक आणि स्टिअरिंग ही शिकाऊ हातांची कामे नव्हेत. ब्रेक ऑइलची पातळी रोज पाहा. ते कमी होत असेल तर भर घालून गप्प बसू नका, कुठेतरी गळत आहे. त्या जागी इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आहेत. त्याने आतली सारी रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे, तेही जाणत्याकडून. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, एक मिनिटही नाही, हात घालण्यापुरतेही नाही. पक्के स्टँड नसतील तर लाकडाचे रुंद ठोकळे ठेवा. सागवानाच्या मुलुखात राहून ठोकळे मिळाले नाहीत, ही सबब चालायची नाही.

ट्रकवाल्याने त्या रात्री वापरली होती तशी जाड तार आता माझ्या डिकीत असते. सोबत १० ते १७ चे रिंग पाने, पेचकस, पक्कड, पॉलिश पेपर, फीलर गेज, टेस्टिंग लॅम्प, पारखलेला कंडेन्सर, एक फॅन बेल्ट, दोन होज-क्लिपा, पाच लिटर पाणी आणि सुती फडकी. इंजिनाचे सामान अँबेसेडरच्या कृपेने अजून मिळते. दुष्काळ आहे तो बाहेरच्या अंगाचा: मागचे दिवे, काचा, दारांची रबरे. डाव्या दाराच्या रबराची पट्टी दोन वर्षांपासून शोधतो आहे. तोवर पावसात त्या बाजूला बसणाऱ्याच्या मांडीवर एक टॉवेल द्यावा लागतो. गेल्या श्रावणात त्या आजी पुन्हा बसल्या होत्या, तपासणीला चंद्रपूरला जायला. टॉवेल त्यांनी घरूनच आणला होता, आणि आष्टीला चहाला थांबलो तेव्हा, "गाडी बंद करू नको रे बाबा," एवढेच म्हणाल्या.